किऑस्कची किल्ली संस्थेकडेच हवी

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका छोट्या खासगी संग्रहालयाने देणग्या गोळा करून मोठा टचस्क्रीन किऑस्क बसवला. उद्घाटन थाटात झालं, शाळांच्या सहली येऊ लागल्या. मग तो बसवणाऱ्या एजन्सीचा करार संपला आणि स्क्रीन पांढरा पडला. मी केडगावला राहतो, वेबसाइट तयार करणं हा माझा व्यवसाय. मला बोलावलं तेव्हा पाहतो तर त्या खोक्यात संग्रहालयाचं काहीच नव्हतं. फोटो, मजकूर, आवाजाच्या फाइली सगळं एजन्सीच्या सर्व्हरवर. खोक्यात फक्त ब्राउझर आणि एक पत्ता. एजन्सी फोन उचलेना आणि मूळ फाइलींची प्रत संस्थेत कुणाकडेच नव्हती. शेवटी कार्यवाहांच्या हस्तलिखित वह्यांवरून मजकूर पुन्हा टाइप झाला, एकेक नाणं काचेबाहेर काढून फोटो पुन्हा काढावे लागले.

दोष तंत्रज्ञानाचा नव्हता. उलट एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांवर केलेला किऑस्क हाच छोट्या संस्थेसाठी सर्वांत टिकाऊ पर्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. फ्लॅशवर केलेले जुने किऑस्क अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला तेव्हा अडगळीत गेले. साधं एचटीएमएलचं पान मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं असलं तरी आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं, आणि ते दुरुस्त करणारी मुलं तालुक्याच्या गावातही मिळतात.

पण ते पान संग्रहालयातल्याच संगणकावर हवं. ब्राउझरमधला सर्व्हिस वर्कर मजकूर साठवून ठेवतो किंवा त्याच संगणकावर छोटा लोकल सर्व्हर चालवता येतो. दोन्हींत इंटरनेट फक्त नवी माहिती आणण्यापुरतं लागतं. फॉन्टही तिथेच ठेवा. तो बाहेरून येत असेल, तर नेट गेलं की मांडणी विस्कटते.

आता वीज. आपल्याकडे ती जाणार आणि येणार, हे धरूनच चाला. वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. तेवढ्यानेही भागत नाही. अचानक बंद पडलेला क्रोम पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असा चौकोन दाखवतो, आणि तो दिवसभर मध्ययुगीन मूर्तीच्या फोटोवर तसाच राहतो. किऑस्क मोडमध्ये हा चौकोन बंद करून घ्या. रास्पबेरी पाय वापरत असाल तर मेमरी कार्ड फक्त वाचनापुरतं ठेवा. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड खराब होऊ शकतं. बिल चुकतं करण्याआधी एजन्सीच्या माणसासमोर भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. कुणी हात न लावता पहिलं पान आलं, तरच सही करा.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. माहितीफलक छापले तेव्हाची फाइल डीटीपीवाल्याकडे असते, पण बहुधा जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये. ती वेबपानावर चिकटवली की ‘शिवकालीन’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा लगदा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या आणि जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ तपासून घ्या; रूपांतरात जोडाक्षरं हमखास बिघडतात. पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये असली, की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात.

मजकूर बदलण्याची सोय संस्थेच्याच माणसाच्या हाती हवी. आपल्याकडे शाह डोंगरावरच्या इमारतीला सर्रास चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर. असं चुकीचं नाव किऑस्कवर चढलं आणि एका ओळीच्या दुरुस्तीलाही एजन्सीचं दरपत्रक मागवावं लागलं, तर ती चूक वर्षानुवर्षं मुलं वहीत उतरवून नेणार. म्हणून स्क्रीनआधी वस्तूंची नोंद पक्की करा. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांच्या डिजिटल नोंदींसाठी ‘जतन’ ही प्रणाली केली आहे. छोट्या संस्थेला नीट भरलेली एक एक्सेल फाइलही पुरते.

मुलं बटण दाबत नाहीत, दोन्ही हातांनी स्क्रीन ओढतात. बोट दाबून धरल्यावर येणारा मेन्यू आणि दोन बोटांनी मोठं होणारं पान बंद असलं पाहिजे; एकदीड मिनिट कुणी हात लावला नाही तर पहिलं पान परत यावं. बटणं फार उंचावर नकोत. चाकाच्या खुर्चीतून हात पोचावा म्हणून अमेरिकी नियमांत ४८ इंच ही कमाल मर्यादा आहे, तीच आपणही धरावी.

भिंतीवरच्या माहिती-स्क्रीनचं गणित निराळं. नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला येणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा. तिथे माणूस चालता चालता वाचतो. एका वेळी एकच सूचना, मोठ्या अक्षरांत, स्थिर. सरकत्या पट्ट्या नकोतच.

ज्यांच्या संस्थेत असा स्क्रीन आधीच बसला आहे, त्यांनी या आठवड्यात एकदा इंटरनेटची वायर काढून तो पुन्हा चालू करून पाहावा. पान उघडलं नाही, तर करार संपायची वाट न पाहता सगळ्या मूळ फाइली, कोड आणि पासवर्ड लेखी मागून घ्या आणि त्यांची एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवा.