नोकरीचा शोध लांबतो तेव्हा
प्रश्न : वर्षभर शोधूनही नोकरी मिळत नसेल, तर उमेद कशी टिकवावी?

उत्तर : नोकरी गेली की पगाराबरोबर दिवसाची घडीही मोडते, आणि उमेद बहुधा तिथूनच गळू लागते. ऑस्ट्रियातील मारिएंटाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी तेथील बेकारांचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाती वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते, पुरुषांची चालही मंदावली होती. (रिकामा वेळ म्हणजे सवड नव्हे, हे घरच्यांनीही ओळखावे.) काम माणसाला वेळेची शिस्त, घराबाहेरचा सहवास, सामाईक उद्देश, समाजातील स्थान आणि नियमित व्याप देते, असे याहोडा यांनी पुढे मांडले. शोधाच्या काळात यांतले जमेल ते दुसऱ्या वाटेने उभे करावे : अर्जांसाठी ठरलेले तास, जुन्या सहकाऱ्यांच्या भेटी, एखादे नवे शिक्षण. आलेल्या नकारांऐवजी पाठवलेले अर्ज मोजावेत. तेवढेच उमेदवाराच्या हाती असते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली राहिली, तर मात्र ती साधी निराशा समजू नये. अशा वेळी केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.