चालताना तोल का जातो?



डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो. हात, पाय व डोळे यांच्या हालचालींचा मेळ तो घालतो. त्यात बिघाड झाला की चालताना तोल जातो, बोलणे अडखळते.

आपल्या सुरतेत १९२५ साली जन्मलेले डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबईत अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास केला. रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे फार हळू वळत असे. या खुणेवरून त्यांनी व डॉ. स्वामी यांनी १९७१ साली हा वेगळा आनुवंशिक आजार जगापुढे मांडला. त्यास कारणीभूत जनुक १९९६ साली सापडले.

म्हणून कोणी झोकांड्या खात चालत असेल, तर दारू प्यायला असे समजून हसू नये. पालकांनी अशा व्यक्तीस डॉक्टरांकडे अवश्य न्यावे.