तीन मिनिटांचं गाणं, तासाभराचा राग

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

सुट्टीत मी आजोबांच्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "अगं, आता कॅसेट कोणी घेत नाही, मग नवीन गाणाऱ्यांना रेकॉर्डिंगचे पैसे मिळतात कसे?" मला उत्तर आलं नाही. म्हणून हा थोडासा अभ्यास.

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. राग तेवढ्यात बसवावा लागे. पुढे एल.पी.च्या एका बाजूवर वीसेक मिनिटं आली, मग कॅसेट आणि नंतर ७४ मिनिटांची सीडी. दर वेळी रागाला जास्त जागा मिळत गेली. आज तर इंटरनेटवर जागेची मर्यादाच नाही.

मग अडचण कुठे आहे? ती आहे हिशेबात! कॅसेट विकली की पैसे मिळत. आता किती वेळा ऐकलं, ते मोजतात. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ धरली जाते. म्हणजे तासाभराचा दरबारी पूर्ण ऐकला तरी एक, आणि तीन मिनिटांचं फिल्मी गाणं ऐकलं तरी एकच. त्याच एका तासात ते गाणं वीस वेळा वाजतं. रागाचे तुकडे केले तर आकडा वाढेल, पण सलग रंगत जाणाऱ्या रागाचं काय? माझ्या मते अशाने रेकॉर्डिंग हे कमाईचं साधन न राहता कलाकाराचं नुसतं व्हिजिटिंग कार्ड होईल.

"होऊ दे, मैफिली आहेत ना!" असं कोणी म्हणेल. पण मैफल सगळ्या गावांत पोचत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानग्या भीमसेन जोशींनी तबकडीवरच ऐकली, आणि ते गाणं शिकायला घर सोडून निघाले. त्याच भीमसेनजींनी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. एका तबकडीने केवढं काम केलं, बघा!

आजोबांना मी एवढंच सांगितलं, की सध्याचा हिशेब रागाच्या सोयीचा नाही. ते म्हणाले, "मग इंजिनिअर कशाला होतेस? नवीन हिशेब शोध की!"

तोवर आपण एक करू या. आवडलेल्या कलाकाराचं रेकॉर्डिंग विकत मिळत असेल, तर फुकट कॉपी न मागता विकत घेऊ या. पटतंय ना?