घरच्या शेडमध्ये गाडीची लिफ्ट : खांब कुठे रोवावेत?



ट्रॅक्टर-ट्रॉली, जीप, पिकअप आता बऱ्याच घरी आहेत आणि हात काळे करणारी पोरंही आहेत. त्यामुळे घरच्याच शेडमध्ये गाडी उचलायची लिफ्ट बसवावी, अशी चौकशी अधूनमधून होते. लिफ्ट चांगली की वाईट, यापेक्षा ती बसते कुठे यावर सगळे अवलंबून असते. म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो.

माझी बहीण रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या बाजूला दिली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या शेडचे पत्रे गेले. नवी शेड बांधताना भाच्याने जुनी दोन खांबी लिफ्ट आणली. गाडीखाली खड्डा का नको, हे त्याने बरोबर ओळखले होते. किनाऱ्याला पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि खड्ड्याची विहीर होते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते; एक ठिणगी पुरे.

पण खांब रोवताना चूक झाली. शेड आत १७ फूट लांब. त्याने बरोबर मध्ये, साडेआठ फुटांवर खांब घेतले. गाडी १३ फुटांची. इंजिन पुढे असलेल्या रिकाम्या गाडीचा तोल मध्यावर नसतो, पुढे असतो. या गाडीचा तो बोनेटच्या टोकापासून साधारण साडेपाच फुटांवर येत होता. म्हणजे खांबांच्या मागे साडेसात फूट शेपूट. दाराला उरला एक फूट. दार आत उघडणारे आणि बाहेर पाऊस. दार लागावे म्हणून भाच्याने गाडी फूटभर पुढे घेतली. झाले! खांब गाडीच्या मध्यावर आले आणि वर जाताना नाक खाली झुकले. नशीब, खाली कोणी नव्हते. खाली उतरवून पाहिले, तर एका खांबाच्या बुडाशी कोबाही तडकलेला.

यावरून घ्यायचे धडे असे :

१) आधी फक्की मारा. गाडी शेडमध्ये उभी करून चुन्याने तिची हद्द आखा. चारी दारे उघडून पाहा, पुढे-मागे चालून पाहा. दार लावून पाहा. मग तोलाची रेघ ओढा आणि खांब त्या रेघेवर धरा, शेडच्या मध्यावर नव्हे. भाच्याने पुढे खांब दीड फूट आत घेतले आणि कामाचे टेबल बाजूच्या भिंतीला नेले. आता दाराकडे अडीच फूट मोकळे राहतात.

२) रुंदी. दोन खांबी लिफ्ट बाहेरून बाहेर साधारण ११ ते साडेअकरा फूट भरते. दोन्ही बाजूंना माणूस जायला दोन-दोन फूट हवेत. १५ फुटांपेक्षा अरुंद शेडमध्ये हट्ट करू नये.

३) उंची. आढ्याची उंची मोजू नका, कैचीच्या खालच्या पट्टीची मोजा. सव्वासहा फूट उंच जीप सहा फूट वर गेली की सव्वाबारा फूट होतात. वर थोडी मोकळीक धरून १३ फूट हवेत. तेवढी उंची नसेल तर गाडीचे टप दोन कैच्यांच्या मधल्या गाळ्यात, आढ्याखाली येईल असे पाहावे आणि बोनेट उताराच्या बाजूला जाऊ द्यावे. तरीही कमी पडले तर लिफ्ट अर्ध्यावरच थांबवायची, असा नियम घरात करावा.

४) बूड. दोन-तीन इंचांच्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर खांबाचे बोल्ट धरत नाहीत. एक भोक पाडून जाडी पाहा. किमान सहा इंच चांगले काँक्रीट ओता, २८ दिवस पाणी मारून पिकू द्या, मगच बोल्ट ठोका. बोल्ट काँक्रीटच्या कडेजवळ वा सांध्यावर येऊ देऊ नयेत. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर आधी माती काढून मुरूम दाबून भरावा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

५) खारी हवा. किनाऱ्यावर तारदोर आणि बोल्ट लवकर गंजतात. ग्रीस लावत जावे, बोल्ट वरचेवर आवळावेत. तारेचा एक धागा जरी तुटलेला दिसला, तरी लिफ्ट बंद.

आणखी एक. ट्रॅक्टर या लिफ्टवर चढवू नये, तिचे हात त्यासाठी नाहीत. गाडी वर नेल्यावर ती तेलाच्या दाबावर ठेवू नये. लोखंडी खटके दोन्ही खांबांत बसल्याचा आवाज ऐकूनच खाली शिरावे. त्याआधी, गाडी वीतभर वर असतानाच, हाताने हलवून पाहावी. डुलली तर खाली घ्या आणि जागा बदला.

खांब रोवायला एक दिवस लागतो, जागा ठरवायला चार दिवस लागले तरी चालतील. गाडीखाली आपलाच मुलगा झोपणार आहे, हे ध्यानात धरून टेप लावा.