आर्गॉन लेझरचा घरगुती वीजपुरवठा : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता किंवा प्रवासवर्णन द्यावे अशी प्रथा आहे. तेव्हा वरील शीर्षक वाचून काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांना एवढीच विनंती की, जुनी, चोक आणि स्टार्टर असलेली ट्यूबलाइट ज्याने पाहिली आहे त्याला हा लेख समजेल. त्याहून जास्त विज्ञान मलाही येत नव्हते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) चौथीपर्यंत शिकले आणि गेली वीस वर्षे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतात. संध्याकाळी मीही तेथे जातो. गेल्या वर्षी तांब्यासाठी घेतलेल्या भंगारात एक मोडीत निघालेले यंत्र आले. त्यात पंखा बसवलेली धातूची पेटी होती व तिच्यावर 'आर्गॉन आयन लेझर' असे लिहिलेले होते. नळी शाबूत होती, पण तिला वीज पुरवणारा भाग कोणीतरी आधीच काढून नेला होता. तो आपण तयार करावा असे माझ्या मनाने घेतले. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांनी पुस्तके दिली आणि "माझ्यासमोर तपासल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही" अशी अट घातली.

आळशी वायू

पहिला लेझर थिओडोर मैमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीपासून तयार केला. आर्गॉन आयन लेझर १९६४ साली अमेरिकेत विल्यम ब्रिजेस यांनी शोधला. पुढे डोळ्याच्या पडद्यावरील उपचार, छपाईची यंत्रे आणि प्रयोगशाळा यांत तो अनेक वर्षे वापरला गेला. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा लहान, घनरूप लेझरांनी घेतली आहे आणि म्हणूनच या नळ्या भंगारात येतात. अमेरिकेतील हौशी मंडळी तर घरी लेझर बनवण्याचा खटाटोप फार पूर्वीपासून करीत आली आहेत.

आर्गॉन वायू आपल्या श्वासातही असतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा एकाहून किंचित कमी आहे. १८९४ साली रॅले आणि रॅम्से यांनी तो शोधला, आणि तो कशाशीही संयोग पावत नाही म्हणून 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. या आळशाला कामाला लावणे महागात पडते. आधी त्याच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढावा लागतो, मग उरलेल्या आयनाला आणखी वर चढवावे लागते. एकूण चढण सुमारे ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, आणि उतरताना निळ्या प्रकाशाच्या रूपाने परत मिळतात ते जेमतेम अडीच!

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी हिशेब मांडला. लहान नळीला सुमारे १०० व्होल्ट दाबाने ८ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे ८०० वॉट. बाहेर पडणारा प्रकाश समजा २० मिलिवॉट. चाळीस हजार रुपये गुंतवावे आणि एक रुपया हाती यावा, असा हा व्यवहार आहे. बाकी सर्व उष्णता होते, म्हणूनच नळीला पंखा लागतो.

तीन कामे

ट्यूबलाइटमध्ये टोकांचे फिलामेंट तापते, स्टार्टर उघडताच चोक जोराचा झटका देऊन वायू पेटवतो, आणि मग तोच चोक प्रवाह आवरून धरतो. लेझरच्या वीजपुरवठ्यालाही हीच तीन कामे करावी लागतात, फक्त मोठ्या प्रमाणावर.

पहिले काम फिलामेंट तापवण्याचे. त्याला दाब फक्त तीन व्होल्टच्या आसपास लागतो, पण प्रवाह पंधरा अँपिअरहून अधिक. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि फिलामेंट पुरते तापेपर्यंत थांबावे लागते. येथे घाई केली तर फिलामेंटचे आयुष्य घटते.

दुसरे काम पेटवण्याचे. नळीतला थंड वायू वीज वाहू देत नाही. काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका दिला की त्यात वाट तयार होते.

तिसरे काम आवरण्याचे, आणि खरी मेख येथे आहे. साध्या तारेत जितका दाब तितका प्रवाह. पेटलेल्या वायूचे तसे नाही. प्रवाह वाढला की आयन वाढतात, वाट आणखी मोकळी होते, आणि प्रवाह आणखी वाढतो. नळीवरचा दाब फारसा बदलत नाही. बाहेरून लगाम नसेल तर नळी क्षणात नष्ट होईल.

अमेरिकेत घरातला दाब १२० व्होल्ट असतो. तो एकदिश करून संधारित्राने सपाट केला की भार असताना दीडशे व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि नळीला हवेत शंभर. वरचे पन्नास व्होल्ट लगामाच्या रोधात जिरवले की झाले. आपल्याकडे २३० व्होल्टचे तसेच केले तर ३२५ होतात. वरचे २२५ व्होल्ट, ८ अँपिअरने, म्हणजे १८०० वॉट नुसतेच जाळायचे. दोन इस्त्र्या अखंड चालू ठेवण्यासारखे ते झाले. शिवाय सगळी जोडणी सरळ घरच्या लाइनवर उघडी राहिली असती. म्हणून २३० चे १२० करणारा, दोन्ही गुंडाळण्या एकमेकींपासून वेगळ्या असलेला, दीड केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर करायचे ठरले.

त्याचे वेढे किती, हे मी पुस्तकावरून काढू लागलो. गाभ्याचे क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर, एक टेस्ला चुंबकन, पन्नास आवर्तने. अर्धा तास गेला. उत्तर आले, दर व्होल्टला १.०२ वेढे. वही दाखवायला गेलो तर आप्पांनी पत्तीचा गठ्ठा वितीने मोजून आधीच तार कापायला घेतली होती. "येवढ्या पत्तीला व्होल्टला येक वेढा," ते म्हणाले. "तुझं काय आलं?" मी वही पुढे केली. त्यांनी आकडा पाहिला, काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती वही दाखवली.

लगामासाठी विजेच्या शेगडीच्या हजार वॉटच्या तारा वापरल्या. अशा एका तारेचा रोध सुमारे ५३ ओहम. आठ तारा समांतर जोडल्या की साडेसहा ओहमच्या आसपास होतात, आणि पन्नास व्होल्टला साडेसात अँपिअर प्रवाह जातो. नळीच्या जागी तपासणीपुरत्या आणखी चार तारा जोडल्या. मापे हिशेबाप्रमाणे आली.

बंद म्हणजे मेलेले नव्हे

आता माझी चूक सांगतो, कारण हा लेख मुख्यतः तिच्यासाठी लिहिला आहे.

दाब सपाट करण्यासाठी ४७०० मायक्रोफॅरडचा संधारित्र घातला होता. १७० व्होल्टला त्यात ६८ ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन दुसऱ्या मजल्यावरून पडावे तेवढी. वीज बंद केल्यावर ती निघून जावी म्हणून त्याच्यावर २२०० ओहमचा रोध जोडतात. मग मिनिटभरात दाब एका व्होल्टच्या खाली येतो. मीही तो जोडला होता, पण त्याचे एक टोक सुटले होते हे मी पाहिले नाही. भार काढून मोकळा दाब मोजला, बटण बंद केले, प्लग काढला आणि स्क्रू आवळायला गेलो. स्क्रूड्रायव्हर घसरून दोन्ही टोकांना टेकला. फटाक्यासारखा आवाज झाला. पात्याचे टोक वितळले आणि माझे एक बोट भाजले.

त्या ठिकाणी माझे दोन्ही हात असते तर हा लेख दुसऱ्याच कोणी, वेगळ्या शीर्षकाने लिहिला असता. आप्पा रागावले नाहीत. त्यांनी जुना रोध काढून एकाऐवजी दोन, वेगवेगळ्या तारांनी बसवले, आणि म्हणाले, "बंद हाय म्हंजे मेलंय असं नसतंय. मीटर लावून बघायचं, मग हात लावायचा. आनि येक हात खिशात." हा नियम नंतर मला पुस्तकातही सापडला. आप्पांनी तो पुस्तकातून घेतलेला नव्हता. तो त्यांना कोणत्या अनुभवातून मिळाला हे मी विचारले नाही. त्यांच्या डाव्या तळहातावर एक जुना डाग आहे.

निष्पत्ती

सरांच्या प्रयोगशाळेत, नळीच्या तोंडापुढे काळ्या पत्र्याची पेटी ठेवून आणि सरांनी आणलेले नारिंगी चष्मे लावून आम्ही नळी जोडली. फिलामेंट तापले. पेटवणीचा प्रत्येक झटका दिला की आत जांभळट चमक येई आणि विझे. तासभर प्रयत्न केले, पण नळी पेटली नाही. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने आतल्या वायूचा दाब बिघडला असावा, असे सरांचे मत पडले. अशा नळ्यांच्या आत बेरिलियम ऑक्साइड असते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ती न फोडता नीट बांधून सरांच्या ताब्यात दिली. कोणाला अशी नळी मिळाली तर कुतूहलाने फोडू नये.

म्हणजे मी लेझर पाहिलाच नाही. मात्र वीजपुरवठा वाया गेला नाही. मोटरच्या आर्मेचरमधून ठराविक प्रवाह सोडून कम्युटेटरच्या लगतच्या पट्ट्यांमधला दाब मोजला की कोठला वेढा तुटला किंवा चिकटला ते कळते. या तपासणीसाठी आप्पा आता तोच वापरतात. त्याच्या पेटीवर त्यांनी मला खडूने एक वाक्य लिहायला सांगितले : 'मीटर लावल्याशिवाय हात लावू नये.' आप्पांना वाचता येते, पण अक्षर माझे हवे होते.

ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी जाणत्या माणसाला शेजारी बसवल्याशिवाय करू नये. तो माणूस पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. लेखात काही चूक राहिली असल्यास प्राध्यापकांनी दाखवून द्यावी.