हिरवे दिवे

मुलांनो, स्मशानाचे नाव निघाले की अंगावर काटा उभा राहतो. वास्तविक दिवसा तेथे काय दिसते? चार बाभळी, पत्र्याची शेड आणि थोडी राख. रात्र झाली म्हणजे बाकीचे सारे आपले मन निर्माण करते.

1970 सालचा चैत्र महिना होता. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. भीमाकाठच्या एका गावची जत्रा आटोपून मामा आणि मी मध्यरात्री घराकडे निघालो. जवळची वाट स्मशानावरून जात होती. “भुते असतील तर त्यांनी खुशाल माझ्यासमोर यावे!” मामा मोठ्या ऐटीत म्हणाले.

तोच शेडच्या तुळईवरून कर्कश किंकाळी आली. वर एक पांढराफेक चेहरा आमच्याकडे टक लावून पाहत होता! मामांनी मोठ्याने रामरक्षा सुरू केली. ते श्वास घेण्यास थांबले की किंकाळी येई. मी हळूच म्हणालो, “मामा, भूतही तुमच्या मागून रामरक्षा म्हणत आहे!”

मामांनी थरथरत्या हाताने विजेरी फिरवली. शेजारच्या शेतात हिरव्या दिव्यांच्या कितीतरी जोड्या लकाकल्या. मामा पुटपुटले, “एका भुताला रामरक्षा पुरते रे! एवढ्यांना कशी पुरणार?”

इतक्यात एक काळी आकृती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “पाव्हणं, बत्ती आवरा की! माझी मेंढरं बुजत्यात.”

तो घोंगडी पांघरलेला धनगर होता. खतासाठी त्याने शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. पुढे कित्येक वर्षे ही हकीकत सांगताना सर्वांत मोठ्याने मामाच हसत.

मेंढीच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. तो प्रकाश परत फेकतो, म्हणून मेंढीला अंधुक उजेडातही दिसते आणि विजेरीच्या झोतात तिचे डोळे चमकतात. पांढऱ्या चेहऱ्याचे ‘भूत’ म्हणजे गव्हाणी घुबड. ते घुमत नाही, किंचाळते. त्याच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्यामुळे उडताना आवाज होत नाही. उंदीर हे त्याचे मुख्य अन्न होय. म्हणजे ते शेतकऱ्याचे धान्यच राखते.

आमची भीती हसण्यात विरली. परंतु अशाच भीतीपायी घुबडाला मात्र प्राण गमवावे लागतात. अपशकुनी समजून लोक त्याला दगड मारतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे. पण कायदा रात्री प्रत्येक झाडाखाली उभा राहू शकत नाही. तेथे तुम्हीच उभे असता. म्हणून अंधारात काही दिसले, तर हात दगडाकडे नेण्यापूर्वी ते काय आहे हे एकदा नीट पाहा.

स्वाध्याय
1. मेंढ्यांचे डोळे अंधारात का चमकले?
2. घुबडाला शेतकऱ्याचा मित्र का म्हणावे?