विजेच्या दुचाकीचा पहिला पाठ

शाळेस जाण्यासाठी विजेची दुचाकी घेणाऱ्या शिक्षकाने प्रथम तिचे मौन ओळखावे. गाडी चालू आहे की बंद, हे कानास कळत नाही. उभ्या गाडीची मूठ चुकून पिळली गेली तरी ती एकदम झेपावते, कारण विजेच्या मोटारीचा जोर आरंभापासूनच भरपूर असतो. म्हणून गाडी थांबताच किल्ली काढावी. शाळेच्या आवारात, जिज्ञासू हातांमध्ये, तर अवश्यच. मुले आवाज ऐकून बाजूस होतात. येथे आवाजच नाही, तेव्हा वळणापूर्वी हॉर्न द्यावा. सराव मोकळ्या मैदानावर करावा. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या मान्यताप्राप्त गाडीस परवाना लागत नाही. डोके मात्र तेवढेच नाजूक राहते, हेल्मेट घालावे. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, निवू द्यावी.